वारे, उष्णता आणि रत्नागिरीचे आकाश

पृथ्वीवर उन्हाची वाटणी सारखी होत नाही, आणि वातावरणातील बहुतेक सगळी हालचाल या असमान वाटणीतून निघते. रत्नागिरी उत्तर अक्षांश १७ वर आहे. तिथे सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो: एकदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि उत्तरेकडून परतताना ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मेमधला शून्य सावलीचा दिवस अंगणात काठी रोवून पाहता येतो. ऑगस्टमधला ढगांपायी बहुधा फुकट जातो. डिसेंबरच्या अखेरीसही इथला दुपारचा सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ५० अंश वर असतो. त्या दिवसांत उत्तर नॉर्वेत, ७० अक्षांशावर, सूर्य उगवतच नाही.

वातावरणाच्या माथ्यावर सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एका चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॅट इतकी ऊर्जा पडते. पृथ्वी गोल आहे आणि तिचा अर्धा भाग कायम अंधारात असतो, त्यामुळे सरासरी काढली तर हा आकडा ३४० वर येतो. त्यातला सुमारे ३० टक्के भाग ढग, बर्फ आणि वाळवंटे परत उधळून लावतात. उरलेले २४० वॅट शोषले जातात आणि जवळपास तेवढेच अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात परत जातात. हा जमाखर्च संपूर्ण पृथ्वीचा म्हणून जुळतो, जागोजागचा जुळत नाही. दोन्ही गोलार्धांत साधारण ३५ ते ४० अक्षांशांपर्यंतच्या पट्ट्यात जमा जास्त, त्यापलीकडे ध्रुवापर्यंत खर्च जास्त. तरीही विषुववृत्त वर्षागणिक तापत नाही आणि ध्रुव वर्षागणिक गारठत नाहीत, कारण जादा उष्णता वाहून नेली जाते. ही वाहतूक मध्य अक्षांशांत सर्वाधिक असते. तिथे प्रत्येक गोलार्धात ती सुमारे साडेपाच हजार लाख कोटी वॅट भरते, म्हणजे जगभरची माणसे इंधन आणि विजेच्या रूपाने वापरतात त्याच्या सुमारे ३०० पट. यातला मोठा वाटा हवेचा, उरलेला समुद्रप्रवाहांचा.

हवा ही उष्णता तीन रूपांत नेते. गरम हवा स्वतः सरकते, हे पहिले. वर चढलेल्या हवेत उंचीमुळे साठलेली ऊर्जा, हे दुसरे. तिसरे रूप बाष्पाचे, आणि कोकणाचे सगळे नाट्य याच रूपात घडते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता लागते. ती वाफेत दडून राहते, तापमापकाला दिसत नाही. वाफेचे पुन्हा पाणी झाले की तेवढीच उष्णता मोकळी होते, मग मधले अंतर दहा किलोमीटर असो की पाच हजार.

वाऱ्यांच्या या व्यवस्थेचा शोध प्रयोगशाळेत लागला नाही. तो खलाशांच्या नोंदींतून लागला. धूमकेतूमुळे नावाजलेल्या एडमंड हॅलीने १६८६ साली व्यापारी आणि मोसमी वाऱ्यांवर निबंध लिहिला आणि सोबत नकाशा दिला. अरबी समुद्रात वर्षातून दोनदा उलटणारे वारे त्यात दाखवलेले आहेत. तापलेल्या भागात हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला बाजूची हवा धावते, हे हॅलीला कळले होते. पण व्यापारी वारे नेमके पूर्वेकडूनच का येतात, याचे त्याचे उत्तर पटण्यासारखे नव्हते: सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो आणि वारा त्याच्यामागे जातो, असे तो म्हणत होता.

बरोबर धागा सापडला तो व्यवसायाने वकील असलेल्या जॉर्ज हॅडलीला. त्याचा १७३५ सालचा निबंध अवघ्या काही पानांचा आहे. पृथ्वीबरोबर फिरताना विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते, रत्नागिरी सुमारे १,६०० किलोमीटरने, ३० अक्षांशावरची जमीन १,४५० च्या आसपास. उत्तरेकडून विषुववृत्ताकडे निघालेली हवा अशा प्रदेशात शिरते की तिथली जमीन तिच्यापेक्षा वेगाने पूर्वेला पळते आहे. हवा मागे पडते आणि जमिनीवरच्या माणसाला तो वारा ईशान्येकडून आल्यासारखा वाटतो. पुढे हा निबंध इतका विस्मरणात गेला की जॉन डाल्टनने १७९३ साली तेच स्पष्टीकरण स्वतःच्या बुद्धीने मांडले आणि हॅडली आपल्या आधी तिथे पोचल्याचे त्याला मागाहून कळले. हॅडलीच्या हिशोबात एक चूक होती. हवा आपला वेग राखून ठेवत नाही, ती कोनीय संवेग राखते, त्यामुळे खरा परिणाम त्याने मानल्यापेक्षा मोठा असतो. गॅस्पार कोरिऑलिसने १८३५ साली फिरत्या यंत्रांसाठी मांडलेले गणित पुढे वाऱ्यांना लागू झाले आणि ही दुरुस्ती झाली. तरी विषुववृत्तालगतच्या अभिसरणाला हॅडलीचे नाव मिळाले ते योग्यच.

हॅडली कक्षाची रचना थोडक्यात अशी. विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे एकत्र येतात आणि हवा १५ ते १७ किलोमीटर उंचीपर्यंत चढते. तिथून ती ध्रुवांच्या दिशेने निघते, २५ ते ३० अक्षांशांच्या सुमारास खाली उतरते आणि जमिनीलगत परत विषुववृत्ताकडे वळते. चढण्याची क्रिया मात्र सगळ्या पट्ट्यात एकसारखी होत नाही. हर्बर्ट रील आणि जोअॅन माल्कस यांनी १९५८ साली दाखवून दिले की बहुतेक सगळी हवा एका वेळी असलेल्या काही हजार उत्तुंग गडगडाटी ढगांमधूनच वर जाते. बाकीच्या विस्तीर्ण पट्ट्यात हवा हळूहळू उतरतच असते. चढ अरुंद आणि उतार ऐसपैस, ही या यंत्रणेची खूण.

उतरणारी हवा कोरडी का असते, हे समजून घ्यायला सहारापर्यंत जाण्याची गरज नाही. कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली की दाबाने आक्रसते आणि सुमारे दहा अंशांनी तापते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस देशावरून पूर्वेचा वारा सुटतो. घाटमाथ्यावरून सहाशे मीटर खाली कोकणात उतरेपर्यंत ती हवा सहा अंशांनी तापलेली असते आणि तिच्यातला सापेक्ष ओलावा झपाट्याने घटलेला असतो. असा वारा जोरात असला की दुपारचे खारे वारे उशिरा येतात, कधी येतच नाहीत, आणि समुद्रकाठी असूनही रत्नागिरीचा पारा देशावरच्या गावांच्या बरोबरीला जातो. आंब्याची सुपारीएवढी फळे त्या दोन-तीन दिवसांत गळतात. अरबस्तान आणि थरच्या वाळवंटांवर हेच घडते, फक्त उतरण सहाशे मीटरऐवजी दहा-बारा किलोमीटरची असते आणि ती महिनोन्‌महिने चालू राहते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात रत्नागिरी हॅडली कक्षाच्या या उतरत्या अंगाखाली असते. आकाश निरभ्र राहते. सह्याद्रीच्या माथ्यावर दुपारी कापसासारखे ढग जमले तरी ते उंच वाढू शकत नाहीत, कारण वरच्या उबदार, कोरड्या हवेचे झाकण त्यांना अडवते. मोठे वारे मंद असल्याने स्थानिक वाऱ्यांना मोकळे रान मिळते: रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई, दुपारी समुद्रावरून खारे. मिरकरवाड्यातून पहाटे निघणाऱ्या आणि दुपारनंतर परतणाऱ्या शिडाच्या होड्यांचे वेळापत्रक पूर्वी याच अदलाबदलीवर बसलेले होते.

हॅडलीला वाटत होते की त्याचा कक्ष थेट ध्रुवापर्यंत जातो. पृथ्वी सावकाश फिरत असती तर कदाचित गेलाही असता. प्रत्यक्षात वरच्या थरातून ध्रुवाकडे निघालेली हवा कोनीय संवेग राखण्याच्या नियमाने पूर्वेकडे वेग घेत जाते. विषुववृत्तावर स्थिर असलेली हवा नियम तंतोतंत पाळत ३० अक्षांशावर आली तर तिचा वेग सेकंदाला १३४ मीटर व्हायला हवा. इतका वेग टिकत नाही. त्याआधीच प्रवाह अस्थिर होतो आणि नागमोडी वळणे घेऊ लागतो. तरीही तिथे सेकंदाला चाळीस-पन्नास मीटरचा पश्चिमी जेट प्रवाह तयार होतो. हिवाळ्यात तो उत्तर भारतावरून, हिमालयाच्या दक्षिण अंगाने वाहतो.

त्यापलीकडे, मध्य अक्षांशांत, उष्णता वाहण्याची रीतच बदलते. अमेरिकन शाळामास्तर विल्यम फेरेलने १८५६ साली तिथे उलट दिशेने फिरणाऱ्या दुसऱ्या कक्षाची कल्पना मांडली. पाठ्यपुस्तकांत तीन कक्षांची सुबक आकृती अजून छापली जाते आणि विद्यार्थ्याची तिथेच फसगत होते. फेरेलचा कक्ष हे सरासरीतून उमटणारे चित्र आहे. खरे काम करतात ती हजार-दोन हजार किलोमीटर रुंदीची वादळे, जी एका अंगाने उबदार हवा ध्रुवाकडे ढकलतात आणि दुसऱ्या अंगाने गार हवा खाली ओढतात. ज्यूल चार्नी आणि एरिक इडी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस स्वतंत्रपणे दाखवले की उत्तर-दक्षिण तापमानातील फरक पुरेसा वाढला की अशी वादळे आपोआप उभी राहतात. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हे त्यांचेच दक्षिणेकडचे टोक. त्यांचा पाऊस पंजाब आणि काश्मीरला मिळतो; कोकणाच्या वाट्याला येते ती त्यांच्यामागून घुसणारी उत्तरेची गार हवा, किंवा नुसते मळभ. हापूसला मोहोर फुटायला ती गार रात्र हवी असते आणि तोच मोहोर मळभाने तुडतुड्याच्या तावडीत जातो. बागायतदाराचे डिसेंबर-जानेवारीतले नशीब अशा रीतीने साठ अक्षांशापर्यंत पसरलेल्या देवघेवीला बांधलेले आहे.

तिसरा, ध्रुवीय कक्ष लहान आणि अशक्त. तिथे गारठलेली जड हवा जमिनीलगत बाहेर घरंगळते. भारताची अंटार्क्टिकावरची मैत्री आणि भारती ही केंद्रे सुमारे ७० दक्षिण अक्षांशावर, या वाऱ्यांच्या माऱ्यातच उभी आहेत. उत्तरेकडे स्वालबार्डमध्ये ७९ अक्षांशावर २००८ पासून हिमाद्री केंद्र आहे. या तिन्ही केंद्रांचा कारभार गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

आता पावसाळा. मोसमी पाऊस म्हणजे मोठ्या प्रमाणावरचे खारे वारे, जमीन तापते म्हणून समुद्राची हवा आत ओढली जाते, हे हॅलीपासून चालत आलेले स्पष्टीकरण शाळेत अजून शिकवले जाते. ते अपुरे आहे. जमीन सर्वांत जास्त तापते मे महिन्यात; पाऊस ऐन भरात असतो जुलैमध्ये, जेव्हा ती बरीच निवलेली असते. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी जमीन उलट जास्त तापलेली राहते. खाऱ्या वाऱ्यांचे तत्त्वच खरे असते तर अशा वर्षी पाऊस वाढायला हवा होता.

यातून वाट काढणाऱ्या संशोधनात पुण्यात वाढलेल्या सुलोचना गाडगीळ यांचे नाव अग्रभागी येते. डी. आर. सिक्का यांच्यासह त्यांनी १९८० साली उपग्रहांच्या छायाचित्रांतून भारताच्या रेखांशांवरील ढगांचे पट्टे दिवसागणिक तपासले. विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर जो व्यापारी वाऱ्यांच्या मीलनाचा पट्टा असतो, त्याच गुणधर्मांचा पट्टा पावसाळ्यात भारताच्या भूमीवर येऊन बसतो आणि समुद्रावरून उत्तरेकडे सरकणारे ढगांचे पट्टे काही आठवड्यांच्या अंतराने त्याला पुन्हा बळ देतात, हे त्यांनी दाखवले. मोसमी पाऊस ही निराळी व्यवस्था उरली नाही. हॅडली कक्षाचे चढते अंगच उन्हाळ्यात उत्तरेला येते. जिथे हिवाळ्यात हवा उतरत होती तिथेच आता ती चढते. रत्नागिरी जागची हलत नाही, कक्ष तिच्यावरून सरकतो.

जुलैमध्ये हा चढता पट्टा गंगेच्या मैदानापर्यंत पोचतो. उतरण दक्षिण गोलार्धात, मादागास्करच्या पूर्वेला मस्करीन बेटांजवळच्या जास्त दाबाच्या प्रदेशात, ३० दक्षिण अक्षांशाच्या आसपास असते. तिथून आग्नेय व्यापारी वारे निघतात, पूर्व आफ्रिकेच्या डोंगररांगांना धडकून केनिया-सोमालियाच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळून नैऋत्येचे होतात. जमिनीपासून एक-दीड किलोमीटरवरचा हा अरुंद, वेगवान प्रवाह फिंडलेटर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस नीट रेखाटला. मोसमी पाऊस केरळात साधारण १ जूनला आणि मुंबईत ११ जूनच्या सुमारास पोचतो. मधल्या रत्नागिरीला तो मृगाच्या तोंडाशी येतो. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते, आणि आगोटीची खरेदी त्याआधी उरकण्याची कोकणातली रीत या तारखांशी चांगलीच जुळते.

उत्तरेला हिमालयाची भिंत नसती तर हा पट्टा इतक्या वर आला नसता. तिबेटचे पठार तापते म्हणून मोसमी वारे ओढले जातात, असा समज बराच काळ होता. बूस आणि क्वांग यांनी २०१० साली संगणकीय प्रारूपात पठार काढून नुसती हिमालयाची अरुंद रांग ठेवली, तरी दक्षिण आशियाचा मोसमी प्रवाह बहुतांशी टिकला. मध्य आशियाची गार, कोरडी हवा गंगेच्या मैदानात मिसळू न देणे हे रांगेचे मुख्य काम दिसते.

रत्नागिरीत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तीन हजारच धरला तरी एका चौरस मीटरवर तीन हजार किलो पाणी झाले. तेवढी वाफ आटताना मोकळी झालेली उष्णता चार महिन्यांवर वाटली तर दर चौरस मीटरला सरासरी ७०० वॅट येते. याच महिन्यांत या अक्षांशावर वातावरणाच्या माथ्यावर पडणारे ऊन रात्र-दिवसाच्या सरासरीने साडेचारशे वॅटच्या आसपास असते, आणि त्यातला मोठा भाग ढगच परतवतात. म्हणजे पावसाळ्यात रत्नागिरीच्या आकाशात जी उष्णता मोकळी होते ती तिथल्या सूर्याची नव्हे. दक्षिण हिंदी महासागर आणि अरबी समुद्र यांनी शोषलेले ऊन बाष्पाच्या रूपाने इथे आलेले असते. किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा आणि सह्याद्रीचा उभा कडा या बाष्पाला एका जागी चढायला लावतात, म्हणून आकडा एवढा फुगतो. घाट ओलांडून पूर्वेला गेले की तासाभराच्या रस्त्यात तो कितीतरी पटींनी घसरतो.

ही उष्णता पुढे जाते कुठे? साधा कयास असा होईल की उत्तर ध्रुवाकडे. तो चुकीचा आहे. वर पोचलेली हवा चौदा-सोळा किलोमीटर उंचीवरून दक्षिणेला, हिवाळा चालू असलेल्या गोलार्धाकडे परतते. खालचा वारा बाष्प उत्तरेला आणतो, वरचा वारा त्याहून अधिक ऊर्जा दक्षिणेला नेतो, आणि वजाबाकी दक्षिणेच्या बाजूने पडते. परतीच्या वाटेवर ही हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळे पश्चिमेकडे वळते आणि दक्षिण भारतावर पूर्वेकडून येणारा जेट प्रवाह बनते. त्याचा शोध भारतीय हवामान खात्याच्या पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली मांडला.

खाली जोराचा नैऋत्य वारा आणि वर तितकाच जोराचा पूर्व वारा, या विरोधामुळे ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रात चक्रीवादळ सहसा उभे राहत नाही. वाढू पाहणारा ढगांचा स्तंभ दोन दिशांना फाटतो. धोका असतो तो कक्ष सरकण्याच्या संधिकाळात. नोव्हेंबर २००९ चे फयान, ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलेले निसर्ग आणि मे २०२१ मध्ये किनाऱ्याला समांतर गेलेले तौक्ते, तिन्ही अशाच काळातली.

समुद्रावरच्या माणसांनी हे वेळापत्रक शास्त्राच्या कितीतरी आधी आत्मसात केले होते. दाभोळ आणि चौल यांचा अरबस्तान-आखाताशी व्यापार उलटणाऱ्या वाऱ्यांवर चालत असे: हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्याने तिकडे, नैऋत्य वाऱ्याच्या सौम्य दिवसांत इकडे. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफानासी निकितीन होर्मुझहून येऊन चौलला उतरला आणि परतताना दाभोळहून निघाला. जून-जुलैच्या उधाणात मात्र कोकणची बंदरे बंदच राहत. आज १ जून ते ३१ जुलै हा मासेमारीबंदीचा काळ कायद्याने ठरलेला आहे, माशांच्या विणीसाठी आणि खलाशांच्या सुरक्षेसाठी. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन नौका हाकण्याची प्रथा वारा उतरू लागण्याच्या दिवसांत येते.

उत्तर-दक्षिण कक्षाला पूर्व-पश्चिम जोड आहे, हे लक्षात आले भारतातल्या दुष्काळांमुळे. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. पावसाचा अंदाज आधी देता यावा म्हणून त्यांनी जगभरच्या वेधशाळांचे आकडे ताडून पाहिले आणि पॅसिफिकच्या एका टोकाला हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो घटतो, असे हेलकावे शोधून काढले. त्यांना हवा होता तो भरवशाचा अंदाज काही साधला नाही. हाती लागले त्याहून मोठे काही. याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ साली हे हेलकावे आणि एल निनो यांची सांगड घालून त्या अभिसरणाला वॉकरचे नाव दिले. एल निनोच्या वर्षी पश्चिम पॅसिफिकवरचा चढ पूर्वेला सरकतो आणि भारतावर हवा उतरण्याकडे कल होतो. कल एवढेच म्हणता येते: १९९७ चा एल निनो अतिशय बलवान असूनही देशाचा पाऊस सरासरीच्या आसपास राहिला, आणि त्यामानाने सौम्य एल निनोच्या २००२ साली जुलैचा पाऊस सरासरीच्या निम्म्यावर आला.

गेल्या चार दशकांत हॅडली कक्षाच्या कडा ध्रुवांच्या दिशेने सरकल्याचे दिसते. म्हणजे कोरडा पट्टा रुंदावतो आहे. आर्क्टिक प्रदेश पृथ्वीच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापतो आहे, त्यामुळे जमिनीलगत ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातला फरक कमी होतो. मोसमी पावसावर होणाऱ्या परिणामाला दोन बाजू आहेत. प्रारूपे बहुधा सांगतात की वाऱ्यांचे अभिसरण मंदावेल. पण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे मंद वाराही जास्त पाणी आणतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की १९५० नंतर मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिपटीने वाढल्या, आणि त्यांचे जादा बाष्प अरबी समुद्रावरून येते. ते नेणारा प्रवाह आधी पश्चिम किनाराच ओलांडतो.